पट्टीवर ऑइल नेमकं किती? थंड इंजिनवर बघायचं की गरम?

टिळकवाडी_तिसरे_गेट

नमस्कार मंडळी. इंजिन ऑइलची पातळी पट्टीवर (डिपस्टिकवर) कधी बघायची, हा प्रश्न गाड्यांच्या गटात वारंवार येतो आणि दर वेळी दोन तट पडतात. एक म्हणतो सकाळी थंड इंजिनवर बघा, दुसरा म्हणतो गाडी चालवून आणल्यावर बघा. म्हणून वेगळा धागा काढतोय. कारण-मीमांसेसकट लिहा, "आमचे मेस्त्री असं सांगतात" एवढ्यावर थांबू नका.

सुरुवातीला बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात असते ती पद्धत लिहितो. इंजिन नेहमीच्या तापमानाला आलेलं हवं. गाडी सपाट जागी लावायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करायचं आणि पाचेक मिनिटं थांबायचं. पट्टी काढून स्वच्छ पुसायची, टेकेपर्यंत पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढून वाचायची. पहिल्यांदा काढलेली पट्टी कधीही वाचायची नाही, कारण गाडी चालताना उडालेलं ऑइल नळीच्या आतल्या भिंतीला आणि पट्टीला वरपर्यंत लागलेलं असतं.

आणि हात घालण्याआधी एक गोष्ट. गरम इंजिनवर रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. ओढणी, उपरणं, सैल बाही पंख्यापासून लांब ठेवा.

उद्यमबाग_लेथ

थंड-गरमचा वाद आकड्यांनीच मिटवू. ऑइल तापलं की फुगतं. दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०००७ पट. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइल साठवणाऱ्या भांड्यात, साडेतीन लिटर ऑइल आहे आणि ते ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं असं धरा. ३.५ × ०.०००७ × ६० म्हणजे जवळजवळ १५० मिली. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत एक लिटरचं अंतर असेल, तर नुसत्या तापमानाने रेघ त्या पट्ट्याच्या सातव्या हिश्शाएवढी सरकते. ऑइल तेवढंच, वाचन वेगळं.

आता उलट्या बाजूची गोष्ट. इंजिन नुकतंच बंद केलं तेव्हा बरंच ऑइल हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात), कॅमशाफ्टच्या आजूबाजूला आणि ब्लॉकच्या वाहिन्यांमध्ये असतं. ते खाली उतरायला वेळ लागतो. लगेच पट्टी काढली तर कमी दिसतं. रात्रभर गाडी उभी असेल तर सगळं खाली उतरलेलं असतं, पण थंड होऊन आकसलेलंही असतं. दोन्ही परिणाम एकमेकांच्या विरुद्ध आहेत, म्हणून कुणाच्या गाडीत थंड वाचन जास्त येतं तर कुणाच्या गाडीत गरम. दोघांनीही डोळ्यांनी बघितलंय, म्हणून दोघंही ठाम असतात.

कंपनीने पट्टीवर खुणा करताना एक परिस्थिती ठरवलेली असते आणि ती पुस्तकात लिहिलेली असते. होंडाच्या पुस्तकात साधारण तीन मिनिटं थांबायला सांगतात, टोयोटा आणि ह्युंदाईच्या पुस्तकांत पाच. काही कंपन्या थंड इंजिनवरच बघा म्हणतात. तुमच्या गाडीचं पुस्तक म्हणेल ती पद्धत बरोबर. पुस्तक हरवलं असेल तर गरम इंजिन आणि दहा मिनिटं थांबणं ही सगळ्यांत सुरक्षित वाट. मग दर वेळी तसंच करा, एकदा सकाळी आणि एकदा घाटातून आल्यावर असं नको. दोन वाचनांची तुलना करायची तर दोन्ही एकाच रीतीने घेतलेली हवीत.

जांबोटी_रोड

"सपाट जागा" हे शब्द सगळे वाचतात आणि सोडून देतात. आपल्याकडे पाऊस एवढा की घराचं अंगण, पार्किंग, पेट्रोल पंपाची फरशी, सगळ्याला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. डोळ्याला तो कळत नाही.

हिशोब साधा आहे. पट्टीची नळी चेंबरच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर बाजूला आहे समजा. जमिनीला शंभराला पाच एवढा उतार असेल तर त्या ठिकाणी पातळी साडेसात मिलिमीटर वर किंवा खाली जाते. बहुतेक पट्ट्यांवर दोन खुणांमधलं अंतरच दीड-दोन सेंटिमीटर असतं. म्हणजे भरपूर ऑइल असलेली गाडी "अर्धी" दिसेल, किंवा कमी असलेली "फुल".

त्यातही कुठल्या दिशेचा उतार, हे महत्त्वाचं. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, अमेझ यांसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं. त्यांना डावी-उजवीकडचा कल जास्त फसवतो. रस्त्याच्या कडेला दोन चाकं खाली उतरवून बघाल तर वाचन गेलंच. बोलेरो, स्कॉर्पिओ यांची इंजिनं उभी म्हणजे लांबीच्या दिशेने असतात, त्यांना पुढे-मागेचा उतार फसवतो.

फोनमधलं पाणसळीचं अ‍ॅप दाराच्या उंबऱ्यावर ठेवून एकदा जागा शोधा. चारही टायरांत हवा बरोबर पाहिजे. जागा सापडली की खडूने किंवा रंगाने चाकांच्या खुणा करा आणि कायम तिथेच बघा. तिथे थोडासा कल राहिला तरी चालेल, कारण चूक दर वेळी तेवढीच राहते आणि उतरलेलं ऑइल बरोबर दिसतं.

चिक्कोडीकर

छान माहिती. दोन शंका आहेत. पट्टीच्या एका बाजूला ऑइल वर दिसतं आणि दुसऱ्या बाजूला खाली. कुठलं खरं धरायचं? आणि ऑइल बदललं की ते इतकं स्वच्छ असतं की रेघच दिसत नाही, तिथे काय करायचं?

संकेश्वर_पाना

खालची बाजू खरी धरायची. पट्टी वाकड्या नळीतून आत-बाहेर होताना एका बाजूने नळीला घासते आणि तिथलं ऑइल वर ओढलं जातं. ज्या बाजूला सलग, न तुटलेला थर दिसतो त्याचा वरचा काठ वाचा. वर तुटक ठिपके, ओघळ असतील ते मोजू नका. दोन्ही बाजूंत फारच फरक येत असेल तर पट्टी बाहेर काढून दोन-तीन मिनिटं तशीच ठेवा, नळीतलं ऑइल खाली निथळू दे, मग एका दमात घालून एका दमात काढा. सावकाश ढकलत बसलात तर पुन्हा घासाघीस होते.

नव्या ऑइलसाठी पट्टी आडवी धरा आणि उजेडाकडे थोडी तिरकी करा. ओला भाग चकाकतो, कोरडा मंद दिसतो. किंवा पांढऱ्या टिश्यूवर पट्टीची सपाट बाजू हलकेच टेकवा, ओला डाग कुठपर्यंत उमटतो ते मापून घ्या. पट्टी उभी टोक वर करून धरू नका, ऑइल मुठीकडे ओघळतं आणि वाचन वाढतं.

पुसायला गॅरेजमधलं कॉटन वेस्ट वापरू नका. त्याचे धागे पट्टीबरोबर आत जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. धुऊन मऊ झालेली सुती चिंधी किंवा टिश्यू बरा.

टिळकवाडी_तिसरे_गेट

पंपावरच्या वाचनाबद्दल इथेच लिहितो. इंधन भरायला थांबल्यावर "ऑइल बघू का साहेब?" म्हणून एका मिनिटात पट्टी काढली जाते. इंजिन आत्ताच बंद झालंय, फरशीला उतार आहे. कमी दिसणारच. तिथे अर्धा लिटर ओतून घ्याल तर घरी आल्यावर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली दिसेल.

चिक्कोडीकर

मग वर टाकायचं ते किती? आणि वरच्या खुणेपर्यंत भरावंच लागतं का?

उद्यमबाग_लेथ

खालच्या ते वरच्या खुणेपर्यंत किती ऑइल मावतं हे पुस्तकात असतं. पुष्कळ गाड्यांत ते एक लिटरच्या आसपास, लहान इंजिनांत त्याहून कमी. तो आकडा एकदा शोधून पट्टीच्या मुठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. मग पट्टी वाचणं म्हणजे मिलीमध्ये वाचणं होतं.

एका वेळी २०० मिलीच्या वर ओतू नका. नरसाळं लावा, बारीक धारेने ओता, पाच मिनिटं थांबा, पुन्हा बघा. घाईने ओतलेलं ऑइल हेडवरच साठून राहतं, पट्टीवर वाढ दिसत नाही, म्हणून माणूस आणखी ओततो. जास्त भरलं जाण्याचं हे मोठं कारण.

वरच्या खुणेला टेकवण्याची गरज नाही. दोन खुणांच्या मध्ये कुठेही असेल तर इंजिनला पुरेसं आहे, तशीच रचना केलेली असते. मधल्या रेषेपासून पाऊण भागापर्यंत ठेवलंत तर मोजण्यातली चूकही पोटात मावते.

संकेश्वर_पाना

जास्त भरलं जाण्याचं दुसरं कारण डब्याचं माप. लहान पेट्रोल इंजिनला फिल्टरसकट तीन-सव्वातीन लिटर लागतं आणि बाजारात साडेतीन लिटरचा डबा मिळतो. उरलेलं ठेवायचं कुठे म्हणून पूर्ण डबा आत जातो. पुस्तकात फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय असे दोन आकडे असतात, ते आधी बघा. आणि जुनं ऑइल पूर्ण निथळलेलं नसेल, गाडी जॅकवर तिरकी असताना काढलेलं असेल, तर आत राहिलेलं जुनं ऑइल त्या आकड्यात मिळतंच.

बदलल्यावरचा क्रम असा ठेवा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा २००-३०० मिली कमी ओता. इंजिन सुरू करून मिनिटभर निवांत चालू द्या, ऑइलचा लाल दिवा विझलेला बघा. या मिनिटात नवा फिल्टर भरतो. बंद करून दहा मिनिटं थांबा, फिल्टर आणि ड्रेन बोल्टपाशी गळतंय का ते बघा, मग पट्टी वाचून उरलेलं टाका. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा घाला. तो दाबून बसणारा असतो, जुना परत बसवला की थेंब-थेंब सुरू होतं आणि मग मेस्त्री बोल्ट जास्त आवळतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरमध्ये आटे जायला तेवढं पुरतं.

जांबोटी_रोड

जास्त झालं तर होतं काय, हेही लिहा की. पुष्कळांना वाटतं जास्त असलेलं बरं.

उद्यमबाग_लेथ

अजिबात बरं नाही. क्रँकशाफ्टची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याची) वजनं चेंबरच्या वर फिरत असतात. पातळी तिथपर्यंत पोचली की ती ऑइल घुसळतात आणि त्यात हवा मिसळून फेस होतो. पंपाला मग ऑइलबरोबर हवा मिळते. हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे बेअरिंगमधला थर तुटतो आणि हायड्रॉलिक टॅपेट असतील तर टकटक वाजायला लागतात. आणि नुसत्या लक्षणावरून कळेल असंही नाही. जास्त ऑइलची आणि कमी ऑइलची लक्षणं सारखीच दिसू शकतात. शिवाय ब्रीदरच्या नळीतून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणाऱ्या) ऑइलचा फवारा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, जातो, निळा धूर येतो, पेट्रोल गाडीचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

खुणेच्या दोन-तीन मिलिमीटर वर असेल तर घाबरू नका, पण त्याहून जास्त असेल तर काढा. ड्रेन बोल्ट सैल करून थोडंसं काढणं अवघड, गरम ऑइल एकदम अंगावर येतं. औषधाच्या दुकानात ५०-६० मिलीची सिरिंज आणि बारीक लांब नळी मिळते. इंजिन कोमट झालं की पट्टीच्या नळीतून ती आत सोडा आणि ओढत राहा. फार गरम असताना नळी मऊ पडते. पाच सिरिंज म्हणजे २५०-३०० मिली.

निपाणी_डिझेल

डिझेलवाल्यांसाठी वेगळं सांगावं लागेल. पट्टीवर ऑइल न टाकताच पातळी वाढत असेल तर आनंद मानू नका. ती सगळ्यांत मोठी धोक्याची खूण.

बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. त्यातली काजळी जाळायला धुराचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावं लागतं, म्हणून कित्येक इंजिनं उशिरा जास्तीचं डिझेल फवारतात. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत चेंबरमध्ये उतरतं. हायवेला सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी पळाली तर काजळी जळून संपते आणि ऑइलही तापत असल्याने थोडंफार डिझेल उडून जातं. पण बेळगावातल्या बेळगावात, शहापूर ते कॅम्प, कॅम्प ते टिळकवाडी असंच फिरणं असेल तर काजळी जाळायचं काम दर वेळी अर्धवट तुटतं, पुन्हा सुरू होतं आणि दर वेळी आणखी डिझेल खाली येतं.

पट्टीला वास घ्या. डिझेलचा वास आला, दोन बोटांत ऑइल पातळ लागलं, पातळी वर गेली, तर बदलायची किलोमीटर मर्यादा शिल्लक असली तरी ऑइल बदला. नुसतं वरचं काढून पातळी बरोबर करणं चुकीचं आहे, उरलेलं ऑइल पातळच राहतं. पातळी खूपच वाढली आणि ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये गेलं, तर डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळायला लागतं. चावी बंद करूनही थांबत नाही, वेग आपोआप वाढत जातो. अशा वेळी गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

शहरातच फिरणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी संकेश्वरपर्यंत हायवेने एकसारख्या वेगाने जाऊन यावं. काजळीचा दिवा लागला असेल तर मध्ये इंजिन बंद करू नका.

खानापूर_पाऊस

पातळी वाढण्याचं दुसरं कारण पाणी, म्हणजे कूलंट. हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) किंवा ऑइल कूलर फुटला की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. मात्र आपल्या पावसाळ्यात एक गफलत होते. जुलै-ऑगस्टमध्ये ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय जमलेली दिसते आणि लोक हेड खोलायला निघतात. फरक असा ओळखा: साय फक्त झाकणाला आहे, पट्टीवरचं ऑइल स्वच्छ आहे आणि कूलंटच्या टाकीतली पातळी हलत नाही, तर ती नुसत्या दमटपणाची. इंजिन पूर्ण तापत नाही, म्हणून वाफ बाहेर न जाता झाकणाखाली थंड होऊन जमते. अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवली की कमी होते. पण पट्टीवरच ऑइल गढूळ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर इंजिन पुन्हा सुरूसुद्धा करू नका, गाडी टोचन लावून ओढून न्या.

उगार_ट्रॅक्टर

वर टाकायच्या ऑइलबद्दल. उसाच्या पट्ट्यात घरोघरी ट्रॅक्टरचा १५डब्ल्यू-४० चा (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड) डबा असतोच, म्हणून हा प्रश्न इथला खास. जुन्या बनावटीच्या डिझेल गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असेल तर हरकत नाही. नव्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-१६ इतकी पातळ ऑइलं सांगितलेली असतात. तिथे जाड ऑइल टाकलं तर थंडीत सकाळी वर चढायला वेळ घेतं आणि ॲव्हरेजही पडतं. डीपीएफवाल्या डिझेलमध्ये तर ट्रॅक्टरचं ऑइल टाकूच नका. त्यात राख करणारे घटक जास्त असतात. काजळी जळते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. अशा गाडीला कमी राखेचं, पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचं ऑइल लागतं.

अडचणीच्या वेळी मात्र अडून बसू नका. पट्टी खालच्या खुणेच्या खाली आहे, जवळ फक्त दुसऱ्या कंपनीचं किंवा शेजारच्या ग्रेडचं ऑइल मिळतंय, तर पाव-अर्धा लिटर टाकून घरी या. चांगली इंजिन ऑइलं एकमेकांत मिसळतात. कमी ऑइलवर चोर्ला घाट चढण्यापेक्षा ते कितीतरी बरं. नंतर लवकर बदलून टाका. गिअर ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल मात्र कधीच नाही.

चिक्कोडीकर

चोर्ल्याचं नाव निघालं म्हणून विचारतो. लाल ऑइलचा दिवा लागेपर्यंत काळजी नाही असं बरेच जण धरून चालतात. ते कितपत बरोबर?

उद्यमबाग_लेथ

पूर्ण चूक, आणि यातच इंजिनं जातात. बहुतेक गाड्यांत तो लाल दिवा दाबाचा आहे, पातळीचा नाही. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला लागतो. इंजिन वेगात असताना बेअरिंगला त्याच्या कित्येक पट दाब लागतो. दिवा पेटला याचा अर्थ बहुतेक वेळा ऑइल कमी होऊन बराच वेळ झालाय आणि पंप हवा ओढायला लागलाय.

घाटातल्या वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर पंपाची जाळी क्षणभर उघडी पडते. दिवा वळणापुरता लुकलुकतो आणि सरळ रस्त्याला विझतो. "विझला, म्हणजे ठीक" असं नाही. तेवढ्या क्षणात बेअरिंग कोरडं फिरलेलं असतं. दिवा लुकलुकला की सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद, दहा मिनिटं थांबून पट्टी. पातळी बरोबर असूनही दिवा लागतोय तर पंप, जाळी किंवा स्विच यांपैकी काहीतरी आहे. प्रेशर गेज लावून दाब मोजल्याशिवाय गाडी चालवू नका.

संकेश्वर_पाना

ऑइल किती खातेय ते कसं काढायचं, हे राहिलं. तारीख, किलोमीटर आणि पट्टीवरची पातळी, एवढंच वहीत लिहा. खुणांमधलं माप एक लिटर आहे आणि २,५०० किलोमीटरमध्ये पातळी अर्ध्याने उतरली, तर ५०० मिली भागिले अडीच, म्हणजे हजार किलोमीटरला २०० मिली. काही कंपन्यांच्या पुस्तकात हजाराला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं. माझं मत विचाराल तर आकड्यापेक्षा बदल बघा. वर्षानुवर्षं १०० मिली खाणारी गाडी एकदम ३०० खायला लागली, तर काहीतरी नवीन घडलंय.

गळती असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं पुढचं-मागचं सील आणि ऑइल फिल्टरची बैठक बघा, रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवा. गळती नसेल तर धूर बघा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळा धूर येऊन थांबत असेल, तर वॉल्व्ह सील. चढावर जोर दिल्यावर सतत येत असेल तर रिंग-पिस्टन. टर्बो असेल तर त्याच्या हवेच्या पाइपात ऑइल साठलंय का बघा, थोडा ओलावा चालतो, थारोळं चालत नाही.

खानापूर_पाऊस

रंगावरून निर्णय घेऊ नका, हेही जोडतो. डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच वेळात काळं होतं, ते काजळी धरून ठेवतंय म्हणून. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं ऑइल बऱ्याच किलोमीटरनंतरही सोनेरी दिसतं, म्हणून लोक बदलायचं पुढे ढकलतात. त्याची मुदत किलोमीटर आणि महिन्यांवरच धरा.

चिक्कोडीकर

आणि ज्या गाड्यांना पट्टीच नाही त्यांचं काय? शेजारी एका जर्मन गाडीत नळीच सापडेना.

उद्यमबाग_लेथ

तिथे चेंबरमध्ये सेन्सर असतो आणि पातळी पडद्यावर येते. काही गाड्यांत इंजिन तापलेलं आणि चालू ठेवून मोजावं लागतं, काहींत बंद करून. पडदा सांगेल त्या क्रमाने करा. सपाट जागेचा नियम तिथेही तोच. किती टाकायचं ते बऱ्याचदा पडदाच सांगतो, त्याहून जास्त टाकू नका.

संकेश्वर_पाना

शेवटी पट्टी परत घालताना ती टेकेपर्यंत दाबा. मुठीखालची रबरी रिंग कडक झाली असेल तर बदला. अर्धवट बसलेल्या पट्टीतून ऑइल उडून बोनेटखाली सगळीकडे चिकटतं, आणि काही पेट्रोल इंजिनांत तिथून जास्तीची हवा आत जाऊन आयडलिंग वर-खाली होतं. भरायचं झाकणही फिरवून घट्ट आहे ना ते बघूनच बोनेट लावा.